उभ्या गाडीची किंमत

गाडी बघायला कुणी बोलावलं की मी आधी बॉनेट उघडत नाही. मागच्या सीटवर जाऊन बसते आणि सीटबेल्ट ओढते. पूर्ण ओढते, अगदी आतून खट्ट आवाज होऊन थांबेपर्यंत. मालक माझ्याकडे बघत राहतो. मागच्या सीटचा बेल्ट आपल्याकडे लावतो कोण? कुणी लावत नाही म्हणूनच तो ओढायचा. पुरात बुडालेली गाडी विकताना लोक सीटा धुतात, कार्पेट बदलतात, आत सुगंधी फवारे मारतात, पण गुंडाळून बसलेल्या पट्ट्यापर्यंत कुणाचा हात पोचत नाही. शेवटच्या हातभर भागावर गाळाची रेघ दिसली की मी बेल्ट सोडून देते, चहाला नको म्हणते आणि घरी येते.

मी शोभना मोकाशी, राहणार माजिवडा, ठाणे. अपघात झालेल्या गाड्या तपासायच्या आणि विमा कंपनीला नुकसानाचा अहवाल द्यायचा, हे माझं काम होतं. त्याला सर्व्हेअर म्हणतात. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या बहुतेक गॅरेजांच्या तेलकट जमिनीवर माझ्या चपलांचे ठसे उमटलेले आहेत. सुरुवातीला गॅरेजवाले माझ्या पाठीमागे बघायचे, साहेब कुठे राहिले म्हणून. पुढे माझं नाव झालं, ते फारसं चांगलं नव्हे. बंपर फुटला असेल तर बाई बंपरचेच पैसे मंजूर करतात, शेजारचा धडधाकट हेडलाइट त्यात घुसवू देत नाहीत, असा माझा लौकिक होता. तो मी मोठ्या कष्टाने मिळवला होता आणि शेवटपर्यंत टिकवला.

खंत एकच. एवढी वर्षं गाड्यांमध्ये काढली, पण पाहिल्या त्या सगळ्या मोडलेल्या. एखाद्या गाडीत लहान मुलाची एकच चप्पल सापडायची, डब्यातली भाजी सांडलेली असायची. मी अहवाल लिहून मोकळी व्हायचे. गाडीचं पुढे काय झालं, तिच्यातली माणसं पुन्हा गाडीत बसायला धजावली का, हे मला कधीच कळलं नाही. विचारायची पद्धतही नव्हती.

निवृत्त झाल्यावर मात्र फोन यायला लागले ते धड गाड्यांसाठी. कुणाला गाडी विकायची असते, कुणाला घ्यायची असते. दलाल मध्ये नको असतो आणि एकमेकांवर विश्वासही नसतो. मग कुणीतरी म्हणतं, मोकाशी बाईंना बोलवा, तोंडाच्या फटकळ आहेत पण खरं सांगतात. मी ठरलेली फी घेते. सौदा कितीचा झाला त्यावर टक्केवारी घेत नाही. टक्केवारी घ्यायला लागलं की आपल्यालाच ती गाडी जास्त चांगली दिसायला लागते.

किंमत कशी काढता, असं सगळे विचारतात. त्यात गुपित काही नाही. मोबाईलवर जे आकडे दिसतात ते लोकांनी मागितलेले असतात, त्यांना मिळालेले नसतात. त्या किमतीला गाडी गेली असती तर जाहिरात अजून तिथे कशाला असती? विम्याच्या कागदावरचा आकडा दरवर्षी ठरल्याप्रमाणे खाली येतो. त्या आकड्याने गाडी पाहिलेली नसते. मी चार ओळखीच्या गॅरेजांत विचारते की अशी गाडी नुकती खरोखर कितीला गेली. मग नव्या मालकाला पहिल्या दोन-चार महिन्यांत जो खर्च करावाच लागणार आहे, तो त्यातून वजा करते. एवढंच. अवघड असतं ते हा आकडा मालकाच्या तोंडावर सांगणं.

माझ्याच कॉम्प्लेक्समधल्या एका गृहस्थांनी एकदा किंमत स्वतःच काढून ठेवली होती. त्यात गाडीच्या सीट कव्हरचे पैसे होते, म्युझिक सिस्टीमचे होते आणि आठ वर्षं सोसायटीला भरलेलं पार्किंगचं भाडंही होतं. मी म्हटलं, "गॅलरीत उभं राहून गाडीकडे बघत चहा घेतलात, त्याचेही धरा." ते अजून लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत.

उलट कल्याणच्या पलीकडच्या एका गावातल्या पाटलांची गाडी कुणी घेत नव्हतं. दोन लाखांच्या वर किलोमीटर झालेले. लग्नाची वऱ्हाडं, भाजीच्या गोण्या, अडलेल्या बाया, सगळं त्या गाडीने वाहिलेलं. गिऱ्हाईक मीटर बघायचं आणि पळायचं. पाटील मला म्हणाले, "बाय, तू मीटर नको बगू, गारी बग." मी गाडी बघितली. तेल वेळेवर बदललेलं, ब्रेक नीट, कुठून कसला आवाज येतो ते पाटलांना तोंडपाठ. मी चांगली किंमत सांगितली, त्या किमतीला गाडी गेलीही. पाटलांनी फीसोबत पिशवीभर वालाच्या शेंगा दिल्या. रोज चालणाऱ्या गाडीचं दुखणं रोज कळतं, हे तेव्हा मला पाटलांच्या अंगणात नीट उमगलं. पुढे डोंबिवलीत मला त्याचा उपयोग झाला.

डोंबिवलीच्या संगीता कांबळेचा फोन आला तो कल्याणमधली एक गाडी बघून द्या म्हणून. संगीता नर्स. ठाण्याच्या एका रुग्णालयात बरीच वर्षं नोकरी करून तिने ती नुकतीच सोडली होती आणि घरोघरी जाऊन रुग्णसेवा करायचं ठरवलं होतं. ड्रेसिंग, इंजेक्शनं, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची निगा. चाळीशीची, चटपटीत, बोलता बोलता पर्स उघडून दहा वेळा काहीतरी तपासणारी. नव्या वस्त्या सगळ्या शहराबाहेर झाल्यात, तिथे म्हातारी माणसं एकेकटी राहतात आणि रिक्षा येत नाही. गाडी नसेल तर तिचं काम उभंच राहणार नव्हतं. पहिले पाच पेशंट तिने पुढच्या महिन्यापासून घेतलेही होते.

कल्याणची ती गाडी लखलखीत होती. मी मागे बसले, बेल्ट ओढला. शेवटी गाळाची रेघ.

"चल," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर तिला कळलं तेव्हा ती फुटपाथवरच बसली. "मॅडम, मी उद्या ॲडव्हान्स देणार होते. फसलेली ना मी जवळजवळ!"

तिचा चेहरा बघून मी तिला घरापर्यंत सोडायला गेले. सोसायटीच्या आवारात शिरतो तो समोर करड्या कव्हराखाली एक गाडी. कव्हराचं एक टोक उडालं होतं, आतून चंदेरी रंग चमकत होता. आमच्यासारख्यांना झाकलेली वस्तू बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मी कव्हर वर केलं. एमएच-०५, दहा वर्षांची, सीटांवर शोरूमचं प्लॅस्टिक अजून तसंच.

"ही कुणाची? विकायची असेल तर हीच का नाही घेत?"

संगीताचा चेहरा एकदम बदलला. "ती नको. तेवढी सोडून कुठलीपण."

मग तिच्या घरी चहा झाला आणि हकीकत कळली. गाडी वरच्या मजल्यावरच्या सावंतकाकांची. काका एमआयडीसीतल्या एका कंपनीतून निवृत्त झालेले, मूळचे कणकवलीकडचे. मूलबाळ नाही. गेल्या वर्षी काकू गेल्या. त्यांच्या दीड वर्षाच्या आजारपणात संगीता रोज ड्युटीवर जाण्याआधी आणि आल्यावर वर जायची. त्यांना अंघोळ घालायची, कूस बदलायची, जखमा धुवायची. आता काकांना काचबिंदू झाला होता. बाजूचं दिसेनासं झालं म्हणून डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. संगीताला गाडी हवी, काकांना विकायची, एकाच जिन्यावरची माणसं, याहून सोपं काय असणार?

"काका म्हणाले, अकरा हजार दे शकुनाचे आणि घेऊन जा," संगीता म्हणाली. "मी बोलले, बाजारात अडीच लाखाला आहे अशी गाडी. तर म्हणाले, तू माझ्या बायकोसाठी जे केलंस त्याच्यापुढे गाडी काय आहे."

"मग?"

"मग काय! मॅडम, मी काकूंचं बिल लावलेलं का? त्या मला पोरीसारखं बघायच्या, मी केलं. आता ही गाडी फुकटात घेतली तर ते सगळं गाडीसाठी केल्यासारखं होईल ना. लोकं सोडा, मलाच तसं वाटेल. रोज स्टेअरिंग धरताना वाटेल."

तिचे डोळे भरले होते. मला ते तिथल्या तिथे पटलं. तिच्या हातून घडलेली सगळ्यात चांगली गोष्ट ती विकायला तयार नव्हती. तिने काकांना ते तोडून सांगितलं होतं, काका दुखावले होते आणि दोघांचं बोलणं बंद झालं होतं. रोज संध्याकाळी काकांच्या डोळ्यांत ती ड्रॉप घालायची, तेही थांबलं होतं.

"आता कोण घालतं?"

"वॉचमन," ती म्हणाली. "अर्धे थेंब गालावर जातात. मी जिन्यातून बघते."

मला दुसऱ्यांच्या भांडणात पडायची हौस नाही. पण काचबिंदूचे थेंब चुकले तर गेलेली नजर परत येत नाही, हे मला ठाऊक होतं आणि संगीताला तर माझ्याहून जास्त. मी म्हटलं, "मी योग्य किंमत काढते. ती दोघांनी मानायची. मान्य असेल तर वर चल."

सावंतकाका दारातच उभे होते. अंगावर इस्त्रीचा सदरा, गालावर वॉचमनच्या कृपेने वाळलेला ओघळ. संगीता माझ्या मागे जिन्यातच थांबली. मी कोण, कशाला आले ते सांगितलं.

"किंमत कसली काढता?" काका म्हणाले. "मला त्या पोरीकडून पैसे घ्यायचेच नाहीत. आम्हाला मूल नाही. जे काही करायचं ते तिने केलं. आणि ती मला बाजारभाव सांगते?"

"तिने पैसे न देता गाडी घेतली तर तिने तुमच्याकडून मजुरी घेतल्यासारखं होतं, असं तिला वाटतं," मी म्हटलं. "तुम्हाला चालेल ते?"

काकांनी खुंटीवरची किल्ली काढली. "बघा गाडी. पण सांगून ठेवतो, अशी गाडी तुम्हाला डोंबिवलीत दुसरी मिळायची नाही. दहा वर्षांत एकोणीस हजार किलोमीटर फक्त."

आमच्या भागातल्या लोकांचा हा एक खास गैरसमज आहे. कामाला जायला ट्रेन, भाजीला पायी, लग्नाला रिक्षा. गाडी घ्यायची ती गावी जायला. गणपतीत एकदा, मे महिन्यात एकदा. मधल्या दिवसांत ती कव्हराखाली झोपते. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतात, रविवारी जागच्या जागी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात आणि मालकाला वाटतं, आपण गाडी जपली. काकांचे एकोणीस हजार किलोमीटर म्हणजे डोंबिवली ते कणकवली आणि कणकवली ते डोंबिवली. काकू आजारी पडल्यापासून तर तेही नाही.

आम्ही तिघं खाली आलो. मी मागे बसून बेल्ट ओढला. तो इतका करकरीत होता की बाहेर यायलाच तयार नव्हता, जन्मात कुणी त्याला बोलावलं नव्हतं. गाळबिळ काही नाही. मग बॉनेट उघडलं आणि आतून उंदराने टुणकन उडी मारली. त्याने आत अस्तराचा कापूस काढून घरटं केलं होतं आणि दोन वायरी कुरतडल्या होत्या. टायरांवर नक्षी नव्यासारखी, पण बाजूला बोट लावलं तर बारीक चिरा. एकाच जागी उभं राहून ते तळाशी चपटे झाले होते. ब्रेकच्या चकत्यांवर गंज. हँडब्रेक ओढलेला तो चिकटून बसलेला. रबरी नळ्या कडक. बॅटरीत जीव नव्हता. पत्र्याला मात्र खरोखर ओरखडा नव्हता.

मी डोक्यात हिशेब केला आणि सांगितलं, "आहे अशी एक लाख पंचावन्न हजार."

पुढे जे झालं ते माझ्या सगळ्या कारकिर्दीत कुठे झालं नव्हतं. दोघंही एकदमच माझ्यावर घसरले.

"एक पंचावन्न?" काका ओरडले. "माझी गाडी? अहो, पावसाचा थेंब पडू दिला नाही तिच्यावर! एकोणीस हजार! नीट बघितलंत का? त्या पलीकडच्या विंगमधल्याची ठोकलेली, तीसुद्धा दोन लाखाला गेली!"

"काका, तुम्ही तर अकरा हजाराला देत होता," मी म्हटलं.

"ते देणं वेगळं! मी फुकट देईन, माझी मर्जी. पण तिची किंमत कमी आहे असं कुणी म्हणायचं नाही!"

इकडे संगीता कंबरेवर हात ठेवून. "मॅडम, मोबाईलवर अडीच आहे. तुम्हाला काकांनी आधी सांगितलेलं ना, कमी बोला म्हणून? मला दया नको, मी सांगितलेलं तुम्हाला!"

"मी या माणसाला आज पहिल्यांदा बघतेय," मी म्हटलं.

"मग एवढी कमी कशी?"

"मी असं काही सांगितलेलं नाही गो, संगीता," काका कळवळून म्हणाले. बोलणं बंद झाल्यापासूनचं हे त्यांचं तिच्याशी पहिलं वाक्य. ते त्यांच्याही लक्षात आलं आणि ते एकदम गाडीच्या काचेवरची नसलेली धूळ पुसायला लागले.

मी त्यांना उंदराचं घरटं दाखवलं. टायरच्या चिरांवरून काकांचंच बोट फिरवलं, कारण नजरेला त्या दिसणार नव्हत्या. संगीताला म्हटलं, "सहा महिने अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाला उठवून उभं केलं तर तो चालेल का?"

ती म्हणाली, "नाही. सांधे आखडतात, मसल जातात. आधी व्यायाम द्यावा लागतो."

"तसंच आहे हे. काही अपघात नाही, काही बिघाड नाही. नुसती उभी राहून आजारी पडलीय."

काकांनी बॉनेटवर हात ठेवला. "मी जपली तिला," ते हळू आवाजात म्हणाले. "बायको म्हणायची, जरा खाडीपर्यंत फिरवून आणा मला. मी म्हणायचो, कशाला उगाच किलोमीटर वाढवायचे."

संगीता पुढे झाली आणि तिने आपल्या ओढणीच्या टोकाने त्यांच्या गालावरचा तो वाळलेला ओघळ पुसला. वॉचमन दुसरीकडे बघत राहिला.

त्यावेळी मला तोडगा सुचला. आता सांगताना तो फार साधा वाटतो. विकणाऱ्याने गाडी चालती करून द्यायची असते. ते त्याचं कर्तव्यच आहे, उपकार नाहीत. दुरुस्तीला साधारण पंचावन्न हजार लागणार होते. काकांनी ते घालायचे. गाडी ठणठणीत झाली की तिची खरी किंमत दोन लाख दहा हजार. ते संगीताने द्यायचे, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. वाचकांनी बेरीज-वजाबाकी करून बघितली असेल. काकांच्या हातात शेवटी तेवढेच पडणार होते. पण काकांना आपल्या गाडीची किंमत दोन लाखांच्या वर ऐकायला मिळाली आणि स्वतः खर्च करून पोरीला धड वस्तू देता आली. संगीताला पूर्ण भाव देता आला.

"अट एक," मी म्हटलं. "दुरुस्तीनंतर महिनाभर गाडी रोज चालली पाहिजे. त्याशिवाय मी शेवटचा आकडा सांगणार नाही. काकांना चालवायची नाही, म्हणजे संगीता चालवणार. पण गाडी अजून काकांची, म्हणजे ते शेजारी बसणार."

ही अट गाडीसाठी तितकीच होती जितकी माझ्या हौसेसाठी. धड गाडीचं पुढे काय होतं हे मला एकदा तरी बघायचं होतं.

गॅरेजमध्ये काका खुर्ची टाकून बसले. जुना टायर निघाला की हात लावून बघायचे, नवा बसला की हात लावून बघायचे. सीटांवरचं प्लॅस्टिक काढायला मात्र त्यांचा सक्त विरोध होता. संगीता म्हणाली, "पेशंटला घाम येतो त्याच्यावर." तेव्हा त्यांनी स्वतःच ते टराटरा फाडलं.

महिनाभराच्या बातम्या मला फोनवर मिळत होत्या, दोघांकडून वेगवेगळ्या. काका म्हणायचे, "बाई, ही क्लच फार धरून ठेवते हो." संगीता म्हणायची, "मॅडम, काका प्रत्येक खड्ड्याला 'आई गं' म्हणतात, मला वाटतं त्यांनाच लागला." एकदा तर मध्येच गाडी थांबवून तिने त्यांना रिक्षाने घरी जायला सांगितलं होतं. अर्ध्या तासाने परत फोन करून कुठपर्यंत पोचलात ते विचारलं. काका तिथेच उसाचा रस पीत बसले होते, ती परत येईल म्हणून. मधल्या काळात तिचे पाच पेशंट सुरू झाले. ती आत ड्रेसिंग करायची, काका बाहेर गाडीत बसून पेशंटच्या नातेवाइकांना गाडीचं सरासरी मायलेज सांगायचे. आणि संध्याकाळचे ड्रॉप पुन्हा डोळ्यांत पडायला लागले, हे मला कुणी सांगितलं नाही. काकांच्या आवाजावरून कळलं.

महिना संपल्यावर मी गाडी चालवून बघितली. ती सरळ धावत होती, ब्रेक दाबला की उभी राहत होती. मी शेवटचा आकडा सांगितला, दोन लाख दहा. यावेळी कुणी ओरडलं नाही. नाव बदलण्याच्या कागदांवर सह्या झाल्या, पैसे बँकेतून बँकेत गेले. काकांनी डॅशबोर्डवरचा छोटा गणपती काढला.

"राहू दे की, काका," संगीता म्हणाली.

"नाही. हा माझा, माझ्या घरी येणार. तुझं तू ठेव. गाडी आता तुझी आहे," काका म्हणाले. गणपती सदऱ्याच्या खिशात घालून ते जिना चढले. मागे वळून बघितलं नाही त्यांनी, मुद्दामच.

मला वाटलं, इथे माझं काम संपलं. नेहमीसारखं पुढचं काही कळणार नाही.

या वर्षी उन्हाळ्यात मी माजिवड्याच्या नाक्यावर रिक्षासाठी उभी होते. एकही रिक्षावाला थांबायला तयार नव्हता. तेवढ्यात एक चंदेरी गाडी बाजूला येऊन थांबली आणि पुढच्या सीटवरून काकांचं डोकं बाहेर आलं. "बाई, बसा!" संगीता त्यांना डोळे तपासायला ठाण्याला घेऊन आली होती. डॉक्टर म्हणाले होते, आहे ती नजर शाबूत आहे, असेच ड्रॉप चालू ठेवा.

मी मागे बसले. सीटवर एक उशी, ऑक्सिजनचा छोटा सिलेंडर, डेटॉलचा वास. पुढे डॅशबोर्डवर बुद्धाची बोटभर मूर्ती.

"किती झाले विचारा," काका म्हणाले.

"कशाचे?"

"किलोमीटर हो! एकेचाळीस हजार!" कुणाला मुलाचे मार्क सांगावेत तसे त्यांनी ते सांगितले. "परवा दिवसात नव्वद केले हिने. बदलापूरच्या पुढे एक आजोबा आहेत, तिथपर्यंत. मी होतो ना बरोबर. आणि येताना खाडीवरून आलो. मीच म्हटलं, जरा थांबव."

सिग्नलला काकांनी खिशातून पाचशेची नोट काढली आणि गिअरजवळच्या खोबणीत ठेवली. "पेट्रोलचे तरी घे गो."

संगीताने ती उचलून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात परत कोंबली. "काका, गाडीचे पूर्ण पैसे घेतले ना तुम्ही? मग झालं. आता माझ्या गाडीतनं कुणाला फुकट न्यायचं ते मी ठरवणार."

काका माझ्याकडे वळले. नुसते हसले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मी सवयीने हात मागे नेला आणि सीटबेल्ट ओढला. तो आता करकरीत राहिला नव्हता. रोज कुणी ना कुणी लावून मऊ झाला होता आणि अलगद बाहेर येत होता. मी तो शेवटपर्यंत ओढला, नेहमीसारखा.

आरशातून काकांना कसं दिसलं कोण जाणे. ते झटकन मागे वळले.

"बाई, काय बघताय?" काका म्हणाले. "विकायची नाही हो ती."